प्रगतिपुस्तकातून गळालेले अक्षर

एकोणिसाव्या शतकाची अखेर. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागातल्या एका भाड्याच्या घरात एक मुलगा वडिलांपुढे सहीसाठी प्रगतिपुस्तक ठेवतो. वडील गुणांवरून नजर फिरवतात, लेखणी उचलतात आणि थांबतात. वर मुलाचे आडनाव 'कोव्हेलो' असे लिहिलेले आहे. घराण्याचे आडनाव 'कोव्हिएलो'. मधले 'आय' हे अक्षर कुठे गेले? मुलगा सांगतो की शिक्षिकेला उच्चारायला सोपे जावे म्हणून बाईंनीच ते काढून टाकले. वडील संतापतात. माणसाची अब्रू त्याच्या नावात असते, ते असे कुणी कसे बदलते? मुलगा आणि त्याचा मित्र दोघेही म्हणतात, तुम्हाला यातले कळत नाही. मग आई उसळते. हे 'तुम्हाला कळत नाही' आता पुरे, असे ती बजावते.

ते अक्षर काही परत आले नाही. हा मुलगा पुढे लिओनार्ड कोव्हेलो याच नावाने पदवीधर झाला, शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि इटलीहून अमेरिकेत गेलेल्या माणसांच्या घराचा व शाळेचा संबंध विद्यापीठीय शिस्तीने तपासणारा पहिला मोठा ग्रंथ त्याने लिहिला. त्या ग्रंथाबद्दल मला लिहायचे आहे. मात्र हा प्रसंग त्या ग्रंथात नाही. तो कोव्हेलो यांच्या १९५८ सालच्या आत्मचरित्रात आहे. ग्रंथात एक बाप आहे आणि आत्मचरित्रात दुसरा. या दोन बापांमधले अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय मी या विषयात का शिरलो हे कळणार नाही. मी विद्यापीठातला माणूस नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कॉलेज सुटले, त्यानंतर एका पतसंस्थेत हिशेबनिसी केली. वाचन चालू ठेवले ते ग्रंथालयांच्या आणि शब्दकोशांच्या आधाराने. माझ्या वडिलांना सही येत नव्हती. माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' या चौकटीत त्यांचा जांभळ्या शाईचा अंगठा असे. सहावीत मी त्यांच्या नावाची सही करायला शिकलो आणि त्यांना न सांगता ती करू लागलो. वर्गात माझ्यासारख्या मुलांबद्दल एक वाक्य ठरलेले असे : "घरी वातावरण नाही." मास्तरांचा त्यात वाईट हेतू नसायचा. कधीकधी तर ते कौतुकानेच बोलत, घरी वातावरण नसूनही पोरगा बरा आहे म्हणून. पण ते वाक्य माझ्या मनातून कधी गेले नाही. कोव्हेलो यांच्या प्रबंधाच्या स्कॅन केलेल्या प्रतीची झेरॉक्स काढून, दोन भागांत बांधून घेऊन मी तो वाचायला लागलो तेव्हा त्याच वाक्याची शेकडो पानांची शास्त्रशुद्ध आवृत्ती आपण वाचतो आहोत असे मला वाटले. पुढे पुढे ते मत बदलले. पुरते मात्र बदलले नाही.

लिओनार्ड कोव्हेलो यांचा जन्म १८८७ साली दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रांतात, आविल्यानो या डोंगरी गावी झाला. वडील १८९० मध्ये एकटेच अमेरिकेत गेले आणि सहा वर्षे पैसे साठवून १८९६ साली त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. त्या काळात हा प्रवास लाखो लोक करत होते. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले, आणि त्यांतले बहुतेक दक्षिणेतले होते. न्यूयॉर्कमधले ईस्ट हार्लेम पुढे त्यांची अमेरिकेतली सर्वांत मोठी वस्ती झाले.

कोव्हेलो शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९११ साली पदवीधर झाले आणि डिविट क्लिंटन हायस्कूलमध्ये फ्रेंच व स्पॅनिश शिकवू लागले. इटालियन मुलांना फ्रेंच शिकवणारा हा इटालियन माणूस अस्वस्थ होता. शाळेत फ्रेंचला मान होता, जर्मनला मान होता, इटालियन मात्र फेरीवाल्यांची आणि खोदकाम करणाऱ्यांची भाषा समजली जाई. १९१४ साली शाळेत इटालियन मंडळ सुरू झाले. मग वर्ग मिळवण्यासाठी, पालकांच्या सह्या गोळा करण्यासाठी घरोघरी फिरणे सुरू झाले. १९२२ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने इटालियनला इतर परकीय भाषांच्या बरोबरीचे स्थान दिले. त्यात कोव्हेलो यांचा वाटा मोठा होता. १९३४ साली ईस्ट हार्लेममध्ये मुलांसाठी बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल निघाले आणि ते त्याचे मुख्याध्यापक झाले. न्यूयॉर्क शहरात हायस्कूलचे मुख्याध्यापक झालेले ते पहिले इटालियन-अमेरिकन समजले जातात. १९५६ पर्यंत ते त्या पदावर होते.

शाळा चालवता चालवता त्यांनी प्रबंध लिहिला. १९४४ साली न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यावर डॉक्टरेट दिली तेव्हा त्यांचे वय ५६ होते. 'इटालियन-अमेरिकन शाळकरी मुलाची सामाजिक पार्श्वभूमी' असे त्याचे नाव. दक्षिण इटलीतल्या कुटुंबाच्या रीतिभाती आणि त्यांचा शाळेवर होणारा परिणाम असा उपविषय. तेवीस वर्षे तो टंकलिखित स्वरूपात राहिला. १९६७ साली फ्रान्चेस्को कोर्दास्को यांनी संपादन करून तो हॉलंडमधल्या लायडनहून प्रकाशित केला. याच सुमारास अमेरिकेत इटालियन-अमेरिकन इतिहासाची अभ्याससंस्था उभी राहत होती, आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आयता पाया म्हणून मिळाला.

या ग्रंथाची थोरवी कळायची तर त्याआधी काय म्हटले जात होते ते पाहायला हवे. १९११ साली डिलिंगहॅम आयोगाने स्थलांतरितांविषयीचा ४१ खंडांचा अहवाल दिला. त्यात उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन हे दोन वेगळे वंश धरलेले होते. शाळेत मागे पडलेल्या मुलांच्या कोष्टकांत दक्षिण इटालियनांची स्थिती फार वाईट दिसे. १९२३ साली कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या बुद्धिचाचण्यांवर पुस्तक लिहिले. त्यात इटालियन खालच्या पायरीवर होते आणि त्याचे कारण रक्तात शोधलेले होते. ब्रिगहॅम यांनी १९३० साली आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. पण तोवर १९२४ चा कायदा होऊन इटालियनांना दार जवळजवळ बंद झालेले होते.

म्हणजे मूल नापास का होते, याचे तेव्हाचे प्रतिष्ठित उत्तर होते : रक्त. कोव्हेलो यांनी ते उत्तर बाजूला सारले आणि त्या जागी इतिहास ठेवला. मूल समजून घ्यायचे तर ते ज्या घरातून येते ते घर समजले पाहिजे, आणि ते घर समजायचे तर ते ज्या गावातून आले ते गाव समजले पाहिजे. या पद्धतीने काम करणारे ते एकटे नव्हते. कोलंबियात फ्रान्झ बोआस यांनी त्याच डिलिंगहॅम आयोगासाठी स्थलांतरितांच्या मुलांची मोजमापे घेऊन कवटीचा आकारसुद्धा परिस्थितीने बदलतो असे मांडले होते. मराठी वाचकाला इथे आणखी एक नाव आठवेल. कोव्हेलो पदवी घेऊन बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी, १९१३ साली, डॉ. आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. १९१६ मध्ये बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि जातीचा उलगडा वंशातून न करता जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या बंधनातून केला. कोव्हेलो आणि आंबेडकर यांची भेट झाली असे मी म्हणत नाही, आणि त्या दोन कामांची तुलनाही करत नाही. पण ज्याच्या समाजावर बाहेरच्यांनी निकाल दिलेला आहे, असा माणूस त्याच समाजाचा अभ्यासक म्हणून उभा राहतो, आणि 'हे जन्माने असे आहे' या उत्तराला 'हे घडत असे आले आहे' हे उत्तर देतो, ही घटना एकाच विद्यापीठाच्या परिसरात काही वर्षांच्या अंतराने घडली, याची नोंद घ्यावीशी वाटते.

ग्रंथाचे सर्वांत भक्कम भाग दक्षिण इटलीतल्या शाळेविषयीचे आहेत. एकीकरणानंतर इटलीत सक्तीच्या शिक्षणाचे कायदे झाले. १८७७ च्या कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली. पण प्राथमिक शाळेचा खर्च गावाच्या नगरपालिकेवर टाकलेला होता, आणि दक्षिणेतल्या दरिद्री नगरपालिकांकडे पैसा नव्हता. सत्ता होती जमीनदारांकडे, आणि त्यांना शिकलेला शेतमजूर नकोच होता. त्यामुळे कायदा कागदावर राहिला. १९०१ च्या जनगणनेत बाझिलिकातात चारांपैकी तीन माणसे निरक्षर होती. अशा गावातल्या गरीब शेतकऱ्याला, ज्याला इटालियनमध्ये 'कोंतादिनो' म्हणतात, सरकार माहीत होते ते धान्य दळण्यावरचा कर वसूल करणारे आणि मुलाला सैन्यात ओढून नेणारे. शाळा हे त्याच सरकारचे अंग. ती त्याच्या मुलांसाठी आहे असे त्याला वाटण्याचे काही कारण नव्हते.

मग हाच माणूस न्यूयॉर्कला येतो. इथे शाळा फुकट आहे आणि सक्तीची आहे. पण बारा-तेरा वर्षांचा मुलगा गावी पुरुषाच्या बरोबरीने काम करत असे. बालपण आणि प्रौढपण यांच्या मध्ये कुमारवय नावाचा एक रिकामा टप्पा असतो, ही कल्पनाच त्याला नवी होती. धडधाकट मुलगा दिवसभर बाकावर बसतो, वर शाळेत खेळ खेळतो, आणि त्याची मजुरी बुडते. मुलींच्या बाबतीत तर परक्या पुरुषांच्या आणि मुलांच्या सहवासाची धास्ती वेगळीच. इटालियनमधला 'एदुकातो' हा शब्द 'शिकलेला' या अर्थाने येत नाही. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ वळण असलेला, मोठ्यांचा मान राखणारा असा आहे. आपल्याकडे 'शिकला पण वळण नाही' असे म्हणतात, तेव्हा आपण हाच भेद करत असतो. शाळेत जाऊन मूल 'एदुकातो' होण्याऐवजी आईबापांची लाज बाळगू लागते, हे त्या बापाला दिसत होते. कोव्हेलो दाखवतात की त्याचा शाळेवरचा अविश्वास हा अडाणीपणा नव्हता. त्यामागे अनुभव होता, हिशेब होता आणि शिक्षणाची एक वेगळी कल्पनाही होती.

हे लिहिताना त्यांनी केवळ पुस्तके वापरली नाहीत. स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेले निबंध, घरभेटी, आईबापांशी त्यांच्या बोलीत झालेल्या मुलाखती, शाळेतल्या गैरहजेरीच्या नोंदी असा साठा त्यांनी वर्षानुवर्षे जमवला. परका समाजशास्त्रज्ञ ज्या दारापर्यंतही पोचला नसता, त्या स्वयंपाकघरात हा माणूस मुलांचा 'प्रोफेसर' म्हणून बसत होता. पुढे रॉबर्ट ओर्सी यांनी ईस्ट हार्लेममधल्या मदोन्नाच्या उत्सवावर १९८५ साली जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यालाही हा साठा उपयोगी पडला. आज तो फिलाडेल्फियात जतन केलेला आहे.

इथपर्यंत मी कोव्हेलो यांच्या बाजूचा आहे. आता आक्षेप.

पहिला आक्षेप असा की रक्ताला हटवून जी 'रीत' त्यांनी आणली, ती ग्रंथाच्या ओघात हळूहळू रक्तासारखीच वागू लागते. आरंभी ती इतिहासाने घडवलेली आहे. कर, जमीनदार, दारिद्र्य यांतून ती जन्मली, असे ते स्वतः सांगतात. पण अमेरिकेतल्या भागात येईपर्यंत ती एक पेटी झालेली असते. ती बोटीतून येते, ईस्ट हार्लेममध्ये उघडली जाते आणि आतला माल जसाच्या तसा निघतो. घर एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, आणि मधे फाटलेले मूल. घर स्वतः बदलते आहे, हिशेब बदलतो आहे, हे चित्रात फिके पडते. शिवाय बाझिलिकाता, कालाब्रिया, कांपानिया, सिसिली यांतले फरक पुसून एकच 'दक्षिणी कुटुंब' उभे राहते. ज्या माणसांची निष्ठा आपल्या गावच्या घंटेचा आवाज जिथवर जातो तिथवरच असे, त्यांच्याबद्दल हे जरा घाईचे आहे.

नंतरच्या अभ्यासकांनी ही पेटी वेगवेगळ्या बाजूंनी उघडून पाहिली. हर्बर्ट गॅन्स यांनी १९६२ साली बॉस्टनच्या वेस्ट एंडमधल्या इटालियन वस्तीबद्दल लिहिले, आणि ज्याला इटालियन रीत म्हटले जाते त्यातले बरेचसे कामगारवर्गाचे वागणे आहे, कुठल्याही वंशाच्या कामगारात ते सापडेल, असा मुद्दा मांडला. मिरियम कोहेन यांनी न्यूयॉर्कमधल्या इटालियन स्त्रियांच्या दोन पिढ्या तपासल्या. शिवणकामाच्या कारखान्यातली नोकरी हाच मार्ग होता तोवर मुली लवकर शाळा सोडत. कचेऱ्यांत कारकुनीच्या जागा निघू लागल्या तशी त्याच घरांनी मुलींना शाळेत ठेवले. रीत तीच असती तर हे कसे घडले? सिमोने चिनोत्तो यांनी ईस्ट हार्लेमच्या खाण्यापिण्याचा अभ्यास करताना आणखी पुढचे दाखवले. रविवारच्या जेवणाभोवती एकत्र बसणारे घट्ट इटालियन कुटुंब ही गावाहून आणलेली वस्तू नसून बरीचशी अमेरिकेत घडवलेली आहे, मुलांना धरून ठेवण्यासाठी घडवलेली. चिनोत्तो यांचा आधार बहुतांशी कोव्हेलो यांचाच कागदसाठा आहे, हे विशेष. म्हणजे पुरावा कोव्हेलो यांच्या कपाटातच होता. त्यांच्या निष्कर्षाहून तो अधिक बोलका होता.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दक्षिणेत एक म्हण आहे. मुलांना आपल्याहून थोर करतो तो बाप मूर्ख, असा तिचा आशय. कोव्हेलो यांच्या चित्रातला बाप या म्हणीतला बाप आहे. शाळेला भिणारा, मुलाची मजुरी मोजणारा. म्हण खरी आहे आणि ती भीतीही खरी आहे. पण आत्मचरित्रातल्या वडिलांकडे पाहा. मुलगा काम करू पाहतो तेव्हा हे वडील त्याला बजावतात की माझे जिणे कुत्र्याचे आहे, तू मात्र शाळा सोडू नकोस, जीव गेला तरी चालेल. लेखणी आणि पुस्तक हाती असले तर माणसासारखा जगशील. हाच माणूस शाळेने घरी पाठवलेल्या ओटच्या पिठाची पिशवी पाहून चिडतो, की जनावराचे खाणे आपल्याला पाठवणारी ही कसली शाळा! आणि हाच माणूस प्रगतिपुस्तकावरचे एक गळालेले अक्षर टिपतो. त्याला शाळा हवी आहे. मात्र शाळेकडून होणारा अपमान त्याला नको आहे. या दोन गोष्टी एकाच छातीत राहू शकतात.

प्रबंधाच्या सर्वसाधारण चित्रात या बापाला जागा मिळत नाही. का मिळाली नाही? तो अपवाद होता, असे म्हणता येईल. मला ते पटत नाही. मला वाटते, अभ्यासक म्हणून विद्यापीठासमोर उभे राहताना कोव्हेलो यांना आपल्या घरापासून दोन पावले मागे यावे लागले. आतल्या माणसाची साक्ष भावनिक ठरते, म्हणून त्याला बाहेरच्यांच्या भाषेत बोलावे लागते. आणि त्या भाषेत 'घर' हा शब्द 'अडचण' या अर्थानेच येत होता. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते, हाती मोठी शाळा होती, तरीही ही पाळी आली. पदवी नसलेल्या माझ्यासारख्याला हा दबाव चांगला कळतो. आपल्या घराबद्दल लिहिताना मीही कितीदा परक्याचे शब्द वापरले आहेत, याचा हिशेब मी या ग्रंथाच्या निमित्ताने प्रथमच मांडला.

हा दोष किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. एडवर्ड बॅनफिल्ड हा अमेरिकन अभ्यासक १९५४-५५ मध्ये कोव्हेलो यांच्याच बाझिलिकातात, किआरोमोंते गावात काही महिने राहिला आणि १९५८ साली त्याने मागासलेल्या समाजाच्या नैतिक पायाविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. गावाचे नाव त्याने बदलले. इथली माणसे आपल्या चुलीपलीकडचे काहीच पाहत नाहीत आणि म्हणून मागास आहेत, हा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. कोव्हेलो यांच्या सहानुभूतीचा त्यात लवलेश नाही. पण दोघांच्या मांडणीत एक सांधा समान आहे : गरिबीचे स्पष्टीकरण गरिबाच्या कुटुंबात शोधणे. कोव्हेलो यांचे आत्मचरित्रही त्याच १९५८ सालचे. एकाच वर्षी एकाच प्रांताबद्दल दोन पुस्तके आली. एकात घर हा रोग होता. दुसऱ्यात एक बाप लेखणी हातात धरून विचारत होता की आमचे अक्षर कुठे गेले.

मग हा ग्रंथ बाजूला ठेवायचा का? नाही. कारण कोव्हेलो यांनी त्याला स्वतःच उत्तर दिलेले आहे. ते त्यांच्या शाळेत आहे.

बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल वस्तीसाठी दिवसभर आणि रात्रीही उघडे असे. शाळेभोवतीच्या गल्ल्यांत रिकामी दुकाने भाड्याने घेऊन तिथे वाचनालय, मंडळ, चर्चेची जागा सुरू केली गेली. पालक शाळेत येत नाहीत अशी तक्रार करत बसण्याऐवजी शाळाच पालकांच्या गल्लीत गेली. आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलले जाई. घरांच्या प्रश्नावर, आरोग्यावर विद्यार्थी आणि पालक मिळून मोहिमा काढत. पूर्व नदीच्या काठी शाळेला नवी इमारत मिळावी म्हणून वस्तीने लढा दिला आणि १९४२ साली ती उभी राहिली. कोव्हेलो यांचा जुना विद्यार्थी आणि त्या भागाचा काँग्रेस-सदस्य व्हितो मार्कांतोनिओ त्यात पुढे होता. प्वेर्तो रिकोची कुटुंबे येऊ लागली तेव्हा त्यांच्यासाठीही तेच दार उघडले. निवृत्तीनंतर कोव्हेलो यांनी प्वेर्तो रिकोच्या न्यूयॉर्कमधल्या स्थलांतर कार्यालयासाठी शिक्षण-सल्लागार म्हणून काम केले.

सगळे साधले असे नाही. १९४५ च्या शरद ऋतूत शाळेत इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये मारामाऱ्या झाल्या, वृत्तपत्रांनी त्याची दंगल केली, आणि मुलांना समजावायला खुद्द फ्रँक सिनात्रा शाळेत आला. वर्षानुवर्षे सलोख्याचे धडे देणाऱ्या शाळेत हे घडले. वस्तीला शाळेत आणायचे तर वस्तीचे वैरही आत येते, हे त्या पद्धतीला पुरते उमगलेले नव्हते. तरीही त्या शाळेने प्रश्न बदलला होता. प्रबंध विचारतो, या घरात असे काय आहे की मूल शाळेत टिकत नाही? शाळा विचारत होती, आपल्यात असे काय आहे की या घराला आत यावेसे वाटत नाही? पहिला प्रश्न संशोधकाचा, दुसरा मुख्याध्यापकाचा. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक शास्त्रीय आहे, कारण त्याचे उत्तर चुकले तर दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामे बाक ते दाखवून देतात.

१९७२ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोव्हेलो अमेरिका सोडून सिसिलीत गेले. तिथे दानिलो दोल्ची काम करत होता. उपोषणे करणारा, बेकारांना घेऊन सरकारने टाकून दिलेला रस्ता बिनपगारी दुरुस्त करायला निघालेला आणि त्यासाठी अटक झालेला, ज्याला लोक सिसिलीचा गांधी म्हणत. गरिबांना शिकवायला जाण्याऐवजी त्यांना प्रश्न विचारत बसणे ही दोल्चीची पद्धत होती. म्हाताऱ्या कोव्हेलो यांनी शेवटची दहा वर्षे या माणसाच्या सोबतीसाठी निवडली, यात मला त्यांच्या ग्रंथावरचे त्यांचेच शेवटचे भाष्य दिसते. १९८२ साली मेस्सिना इथे ते वारले.

कोव्हेलो यांचा ग्रंथ आज वाचायचा तर आत्मचरित्र शेजारी उघडे ठेवून वाचावा. ग्रंथात 'कुटुंब' असा शब्द आला की आत्मचरित्रातला बाप तिथे उभा करून पाहावा. जिथे तो बाप मावतो तिथे ग्रंथ खरा, आणि असे भाग पुष्कळ आहेत. जिथे तो मावत नाही तिथे ग्रंथकर्त्याने विद्यापीठाची भाषा वापरली आहे असे समजावे. पायाभूत ग्रंथ पूजेसाठी नसतात, आणि फोडण्यासाठीही नसतात. हा ग्रंथ ज्याने लिहिला त्यानेच तो आयुष्यभर हाताने दुरुस्त केला. त्या दुरुस्तीसकट तो वाचणे हा त्याचा खरा सन्मान.

माझे वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात सातबाऱ्याचे उतारे होते, रेशनकार्ड होते, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या होत्या. आणि त्यांच्याबरोबर त्याच पिवळ्या फडक्यात बांधलेली माझी पहिलीपासूनची सगळी प्रगतिपुस्तके होती. पाचवीपर्यंतच्या पुस्तकांवर अंगठे होते आणि सहावीपासून माझी खोटी सही. घरात जपून ठेवायचे कागद कोणते, हे त्यांनी वाचता न येताही ठरवलेले होते. 'घरी वातावरण नाही' असे ज्यांच्याविषयी म्हटले जाई, त्या घरातली ही नोंद मी आता माझ्या टिपणवहीत कोव्हेलो यांच्या नावाखाली लिहून ठेवली आहे.